नव्या अल्बमवर लिहायला बसण्याआधी

शुक्रवारी अल्बम आला आणि शनिवारी सकाळी तुझं परीक्षण तयार, ही घाई आधी सोड. 2015 पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारीच येतात, आणि मोठ्या मासिकांच्या समीक्षकांना ते बरेचदा आधीच ऐकायला मिळतात. नागपुरात बसून त्यांच्याशी शर्यत कशाला लावायची?

पहिल्यांदा ऐकताना वही बंद ठेव. दुसऱ्यांदा हेडफोन लाव आणि एकेका गाण्यात नेमकं काय घडतं ते टिपून घे: ढोलकी कुठे थांबते, शेवटच्या कडव्यात आवाज मुद्दाम चिरका केलाय का, बेस कुठे गायब होतो. 'अप्रतिम', 'श्रवणीय' असले शब्द दिसले तर मी खोडणारच.

मेटाक्रिटिक या वेबसाइटवरचा आकडा लिहून होईपर्यंत बघू नकोस. अनेक परीक्षणांची ती 100 पैकी काढलेली सरासरी. एकदा 60 दिसले की गाणं तसंच ऐकू यायला लागतं. आणि समीक्षकही चुकतात रे. लेड झेपेलिन या रॉक बँडच्या पहिल्या अल्बमला रोलिंग स्टोन मासिकाने 1969 मध्ये झोडपलं. त्याच मासिकाच्या 2003 च्या सर्वोत्तम 500 अल्बमच्या यादीत तो 29 वा होता!

इथल्या पोरांचा अल्बम आला, तर उद्या सीताबर्डीत गाठ पडेल म्हणून गोड लिहू नकोस. आवाज वाद्यांखाली दबला असेल तर कोणत्या गाण्यात, कितव्या मिनिटाला, ते सांग. पुढच्या रेकॉर्डिंगला त्यांना तेच कामी येतं. पहिला मसुदा झाला की मला पाठव, मी वाचतो.