जळगावला येताय? भुसावळही ध्यानात ठेवा

भाऊ, जळगावचं तिकीट मिळत नसेल तर भुसावळचं बघा. लांब पल्ल्याच्या काही गाड्या जळगावला थांबतच नाहीत, भुसावळला थांबतात. तिथून जळगाव जेमतेम 25 किलोमीटर. सुरतेकडून येणाऱ्याला नंदुरबार-अमळनेरमार्गे थेट जळगाव.

गावात रिक्षा. सीटवर की स्पेशल, हे बसण्याआधीच विचारा.

अजिंठा साधारण 60 किलोमीटर. त्यासाठी आख्खी गाडी ठरवायची गरज नाही (हॉटेलवाले सांगतीलच म्हणा). संभाजीनगरकडे जाणारी एसटी धरा, फर्दापूरच्या टी-पॉइंटला उतरा. खासगी गाड्याही तिथंच अडतात, लेण्यांपर्यंतचे 4 किलोमीटर तिथल्या बसनेच. सोमवारी लेणी बंद. मे महिन्यात येणार असाल तर सकाळची पहिलीच एसटी पकडा, दुपारी लेण्यांच्या पायऱ्या चढवत नाहीत.