जुन्या नावावरचा अनुभव

"मॅडम, सहा वर्षांचा अनुभव आहे, पण तो माझ्या नावावर नाही." 2022 च्या पावसाळ्यात भांडुपहून माझ्याकडे समुपदेशनाला आलेला एक तरुण पहिल्याच भेटीत म्हणाला. तो ट्रान्स पुरुष. ठाण्यातल्या एका फर्ममध्ये टॅली, जीएसटी रिटर्न, पगाराचे हिशेब बघायचा. तेव्हा कागदांवर मुलीचं नाव होतं. हार्मोनचे उपचार सुरू झाले, आवाज बदलला, ऑफिसात कुजबुज वाढली. त्याने राजीनामा दिला.

पुढे अंधेरीत मुलाखत छान झाली. त्या लोकांनी जुन्या फर्मला फोन करून नवं नाव सांगून चौकशी केली. उत्तर आलं, "या नावाचा मुलगा आमच्याकडे नव्हताच." अनुभव खोटा, असं म्हणून त्याला नाकारलं. मग तो बायोडेटात 'फ्रेशर' लिहायला लागला आणि भिवंडीच्या गोदामात रात्रपाळीला पॅकिंग करू लागला.

ही अडचण माझ्याकडे वारंवार येते. जुनी सर्टिफिकेटं दाखवली तर ओळख उघडी पडते, लपवली तर कमावलेली वर्षं जातात.

मी लगेच ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा 2019 चा कायदा काढला. ट्रान्सजेंडर व्यक्तीशी नोकरीत भेदभाव करायला कलम 9 मनाई करतं, वगैरे. तो नुसती मान हलवत राहिला. माझी घाईच झाली. त्याला तक्रार करायची नव्हती, त्याला 'खोटारडा' हा शब्द लागला होता. पुढच्या दोन भेटी त्यातच गेल्या, आणि त्या जायलाच हव्या होत्या.

मग एकदा मी विचारलं, "नाव बदललं की पॅन नंबर बदलतो का रे?"

"नाही. नंबर तोच राहतो."

"आणि पीएफचा यूएएन नंबर?"

तो गप्प झाला. मग सरसावून बसला. हिशेबातला माणूस, पुढचं त्यानेच मांडलं. पगारावरच्या कराचा फॉर्म 16, पीएफचं पासबुक, सगळी सहा वर्षं त्या नंबरांखाली जमा होती. नवं नाव कागदांवर आणायला आधी वांद्र्याच्या उपनगर जिल्हाधिकाऱ्यांकडून ट्रान्सजेंडर ओळख प्रमाणपत्र घ्यायचं ठरलं. त्यासाठीच्या राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज, सोबत प्रतिज्ञापत्र. त्या अर्जासाठी वैद्यकीय तपासणी लागली नाही. मग आधार, पॅन, आणि शेवटी पीएफ.

अवघड होता तो जुन्या मालकांना फोन. आम्ही खोलीत तालीम केली, मी मालक झाले. जुनं नाव उच्चारताना त्याचा घसा दाटला. मी म्हटलं, "नाव नको घेऊस, पॅन नंबर सांग." तसंच झालं. मालकांनी पत्र दिलं: हा पॅन क्रमांक असलेल्या व्यक्तीने आमच्याकडे सहा वर्षं हिशेबाचं काम केलं.

कोणाला, कधी सांगायचं हे मी ठरवलं नाही. त्याने ठरवलं: ऑफर हातात आल्यावर, फक्त एचआरला, आणि मेलवर. त्याच कायद्याखालच्या 2020 च्या नियमांनुसार आस्थापनेच्या समान संधी धोरणात कर्मचाऱ्याची लिंगओळख गोपनीय ठेवण्याची तरतूद असावी लागते. मेलमध्ये त्याने या तरतुदीचाच उल्लेख केला.

दोन ठिकाणांहून मेलनंतर उत्तरच आलं नाही. त्याने तक्रार केली नाही, मीही आग्रह धरला नाही. तिसरी नोकरी कुर्ल्यात लागली. महिन्याभराने पगाराची स्लिप घेऊन आला. वर नवं नाव होतं. यूएएनवर त्याने बोट ठेवलं. तोच जुना नंबर.