मॅनहॅटनमधल्या ‘प्रीवॉर’ डुप्लेक्समध्ये एवढं काय असतं? घेण्याआधी काय बघावं?

मी आर्किटेक्ट आहे, न्यूयॉर्कमधल्या जुन्या घरांच्या नूतनीकरणाची कामं करते. तुमच्या मनात एखादं घर भरलेलं दिसतंय, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रीवॉर म्हणजे दुसऱ्या महायुद्धाआधीचं. मोठ्या घरांचा बहर १९२० च्या दशकातला. सिसिलीहून आलेला रोझारियो कँडेला हा त्यातला सगळ्यांत नावाजलेला आर्किटेक्ट. ७४० पार्क अ‍ॅव्हेन्यू ही इमारत (१९३०) त्याचीच. त्याचं खरं कसब प्लॅनमध्ये. लिफ्टमधून उतरलं की आधी एक प्रशस्त दालन, त्याभोवती बैठकीची खोली, लायब्ररी, जेवणघर. झोपायच्या खोल्या जिन्यानं वर. स्वयंपाकघर आणि नोकरांच्या खोल्या मागच्या बाजूला, त्यांची लिफ्टही वेगळी. खाली पाहुणे बसले असले तरी वरच्यांना अवघडल्यासारखं होत नाही.

शिवाय भिंती! एकदा आम्ही दोन खोल्यांमधली भिंत फोडली, तर आत भाजक्या मातीच्या पोकळ विटा आणि दोन्हीकडून जाडजूड गिलावा. पलीकडे कुणीतरी पियानो वाजवत होतं, ते मला भोक पडल्यावर कळलं. ही शांतता आज बांधायची म्हटलं तर फार महाग पडते.

पण जिना बघून होकार देऊ नका. यातली बरीच घरं को-ऑप असतात. म्हणजे तुम्ही घर विकत घेत नाही, इमारतीच्या कंपनीचे शेअर घेता आणि त्यांवर राहण्याचा भाडेपट्टा मिळतो. आपल्या सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटसारखं वाटेल, पण महाराष्ट्रात सोसायटीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये मात्र को-ऑपचं बोर्ड, म्हणजे संचालक मंडळ, तुमचे आर्थिक कागद तपासतं, मुलाखत घेतं आणि कारण न सांगता नकारही देऊ शकतं.

म्हणून आधी इमारतीचे ताळेबंद मागवा. इमारतीवर कर्ज किती, गंगाजळी किती? १९७९ मध्ये दर्शनी भागाचा तुकडा पडून एक कॉलेजची विद्यार्थिनी गेली, तेव्हापासून कायदा आला. आता सहा मजल्यांपेक्षा उंच इमारतींची दर पाच वर्षांनी बाहेरून तपासणी होते. दुरुस्तीचा खर्च शेअरच्या प्रमाणात वाटला जातो, आणि डुप्लेक्सचे शेअर जास्त, त्यामुळे तुमचा वाटाही मोठा. १० लाख डॉलरपासून पुढे खरेदीदाराला वेगळा करही आहे, १ टक्क्यापासून चढत २.५ कोटी डॉलरला ३.९ टक्के.

बाथरूम हलवायचा विचार असेल तर खाली कोण राहतं ते पाहा. शेजाऱ्याच्या बेडरूमवर पाण्याची जागा आणायला बोर्ड सहसा परवानगी देत नाही. वरच्या मजल्याखाली तुमचंच घर असेल तर मात्र बोलायला जागा असते. कितीतरी इमारतींत तोडफोड फक्त उन्हाळ्यात करू देतात, तेव्हा राहायला जायची तारीख त्या हिशेबानं धरा.

आणि बोर्डाच्या गेल्या दोन वर्षांच्या बैठकांची इतिवृत्तं वकिलाला नीट वाचायला सांगा. कुठल्या मजल्यावर पाइप गळतोय, गच्चीचं काम किती दिवस अडलंय, हे तिथे लिहिलेलं असतं.