कोतो, गोतो आणि आपला बेंजो

प्रश्न असा आहे: आपल्याकडे मिरवणुकीत वाजणाऱ्या बेंजोचं मूळ वाद्य जपानचं आणि त्याचं नाव ‘ताइशोगोतो’. यातला ‘गोतो’ म्हणजे ‘कोतो’ हे प्रसिद्ध जपानी तंतुवाद्यच का? असेल तर ‘क’चा ‘ग’ कसा झाला? आणि मराठीत कोतो लिहावं, कोटो लिहावं, की सरळ ‘जपानी वीणा’ म्हणावं?

शब्द एकच आहे. जपानीत दोन शब्द जोडून नवा शब्द झाला की दुसऱ्या शब्दाचं पहिलं कठोर व्यंजन पुष्कळदा मृदू होतं. याला ‘रेनदाकु’ म्हणतात. ‘ओरि’ म्हणजे घडी, ‘कामि’ म्हणजे कागद. दोन्ही मिळून झाली आपली ओळखीची ओरिगामी. सुशी गुंडाळून केली की ती ‘माकिझुशी’ होते. वाक् + ईश = वागीश हे इथे आठवेल, पण ती वाट वेगळी आहे. संस्कृतात पहिल्या पदाचा शेवट पुढच्या वर्णामुळे बदलतो आणि ते नियमाने होतं. जपानीत दुसऱ्या पदाची सुरुवात बदलते आणि कधी बदलतही नाही. ‘काना’ म्हणजे लिपीतली अक्षरं, पण एका लिपीचं नाव हिरागाना आणि दुसरीचं काताकाना! एक पथ्य मात्र जपानी भाषा बहुतेक पाळते: दुसऱ्या शब्दात आधीच ग, झ, द, ब यांपैकी एखादं व्यंजन असेल तर हा बदल होत नाही. म्हणून ‘कामि’ (हा वेगळा शब्द, अर्थ देव) आणि ‘काझे’ (वारा) मिळून कामिकाझे होतं, कामिगाझे नाही. हे 18व्या शतकात मोतोओरि नोरिनागा या जपानी पंडिताच्या लक्षात आलं होतं, पण नियमाला नाव मिळालं ते बेंजामिन स्मिथ लायमन या अमेरिकी खाण अभियंत्याचं. ‘कोतो’त असं मृदू व्यंजन नाही, त्यामुळे ‘गोतो’ व्हायला आडकाठी नव्हती.

‘ताइशो’ हे जपानच्या एका सम्राटाच्या कारकिर्दीचं नाव, 1912 ते 1926. ती सुरू झाली त्याच वर्षी नागोयात मोरिता गोरो यांनी हे वाद्य तयार केलं. टाइपरायटरसारखी बटणं दाबायची, बटणाखालची पट्टी तारेवर बसते आणि स्वर ठरतो. उजव्या हाताने तारा छेडायच्या.

आता खरा कोतो पाहा. जवळजवळ सहा फूट लांब, किरि नावाच्या हलक्या लाकडाचा पोकळ, किंचित बाक असलेला देह. त्यावर तेरा तारा, पूर्वी रेशमाच्या, आता बहुतेक कृत्रिम धाग्याच्या. प्रत्येक तारेखाली वेगळी घोडी, म्हणजे तार उचलून धरणारा छोटा आधार. ती घोडी पुढेमागे सरकवून तार लावायची, म्हणजे स्वरांची चौकट बदलायची तर घोड्याच हलवायच्या. उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मध्यमा यांवर ‘त्सुमे’ चढवतात. त्सुमे म्हणजे नख. आपणही सतारीच्या मिजराबीला नखीच म्हणतो. डावा हात घोडीच्या पलीकडे तार दाबून स्वर वर चढवतो, तेव्हा मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं, ऐकणारा कान लगेच जागा होतो. वाद्याच्या भागांची नावं तर सगळी ड्रॅगनची: एका टोकाला डोकं, दुसऱ्या टोकाला शेपूट, शिवाय शिंगं आणि जीभसुद्धा.

या वाद्याला ना बटणं, ना पडदे. मग बटणांच्या पेटीला ‘गोतो’ का म्हटलं? जुन्या जपानीत कोतो हे एका वाद्याचं नाव नव्हतं, तंतुवाद्यांना सरसकट तो शब्द होता. आज आपण ज्याला कोतो म्हणतो तो ‘सो नो कोतो’, चीनहून आलेलं सात तारांचं, बिनघोड्यांचं वाद्य ते ‘किन नो कोतो’, आणि बिवा हे आखूड दांडीचं तंतुवाद्यसुद्धा ‘बिवा नो कोतो’. आपल्या ‘वीणा’ शब्दाचंही हेच आहे. समुद्रगुप्ताच्या नाण्यावरची धनुष्याकृती वीणा, रुद्रवीणा आणि वारीत विणेकऱ्याच्या गळ्यात असते ती वीणा, ही तीन वाद्यं बांधणीने अगदी निरनिराळी आहेत. कोतो पुढे एका वाद्यापुरता आकसला, पण समासांत त्याची जुनी ऐसपैस जागा शिल्लक राहिली, असं मला वाटतं.

तरीही कोतोला ‘जपानी वीणा’ म्हणू नये. जपानमध्ये आपली सरस्वती ‘बेनझाइतेन’ या नावाने पूजली जाते आणि तिच्या हातात बहुधा असते ती बिवा. त्या नावावर हक्क सांगायचाच तर बिवाने सांगावा. ‘जपानी सतार’ तर त्याहून चुकीचं, कारण कोतोला दांडीच नाही. ओळख करून द्यायची असेल तर ‘स्वरमंडळाच्या जातीचं, लांबलचक, घोड्यांचं वाद्य’ एवढं सांगितलं की चित्र उभं राहतं.

बेंजोचं म्हणाल तर, ताइशोगोतो भारतीय उपखंडात आला आणि त्याला बुलबुल तरंग, जपान बँजो अशी नावं पडली. अमेरिकेतला मूळचा बँजो आफ्रिकेतून नेलेल्या गुलामांनी घडवलेला, चामडं ताणलेला. त्याचा याच्याशी संबंध फक्त नावापुरता. बलुचिस्तानात त्याचं ‘बेंजू’ झालं, आपल्याकडे बेंजो. आणि आपण तर पुढे अख्ख्या ताफ्यालाच ते नाव देऊन टाकलं: ‘वरातीला बेंजो सांगितलाय’ म्हणजे ढोल, ताशा, कीबोर्ड सगळं आलं. त्यामुळे मिरवणुकीतल्या वाद्याला ताइशोगोतो म्हणायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. बेंजो हा आता आपला शब्द आहे.

लिहिताना मात्र कोतोच लिहावं. जपानी ‘त’ दंत्य आहे, आपल्या ‘त’सारखाच, ‘ट’ रोमन लिपीच्या वाटेने घुसतो. टोकियो रुळून गेलं, ते आता बदलायचं कारण नाही, पण कोतो अजून नवा आहे. दोन्ही ‘ओ’ आखूड ठेवा. लांबवले तर ‘उच्च श्रेणीचं’ अशा अर्थाचा वेगळाच जपानी शब्द होतो. लिंग पुल्लिंग: फोटो, रेडिओ, पियानो यांच्या पंक्तीत तो सहज बसतो. तेव्हा ‘कोतो वाजवला’, ‘कोतोच्या तारा’, ‘दोन कोतो’.