वाचकांची पत्रे : 'ब्लॅक सॅबथ'चा पहिला अल्बम

२२ जुलै २०२५ रोजी 'ब्लॅक सॅबथ' या इंग्लिश बँडचे गायक ओझी ऑस्बर्न यांचे निधन झाले, तेव्हापासून या सदराकडे सांगली, मिरज आणि आसपासच्या तालुक्यांतून हेवी मेटल संगीताविषयी पत्रे येऊ लागली. बहुतेकांनी या गायकाचे नाव ऐकले होते, एखाददुसरे गाणेही ऐकले होते. परंतु ज्या अल्बमपासून या संगीतप्रकाराची सुरुवात मानली जाते, तो सलग ऐकलेले वाचक थोडेच होते. म्हणून 'ब्लॅक सॅबथ' या बँडचा त्याच नावाचा पहिला अल्बम, जो जेमतेम अडतीस मिनिटांचा आहे, एका बैठकीत ऐकावा आणि जे ऐकू आले ते आवडीनावडीसह कळवावे, अशी विनंती मी मागील अंकात केली होती. आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. अल्बम निघाला तेव्हा समीक्षकांनी त्याला नावे ठेवली होती असे वाचले, आणि आज सगळे त्याला पायाचा दगड म्हणतात. मला स्वतःला पहिले गाणे विलक्षण वाटले, पण उरलेला अल्बम साधारण वाटला. माझे मत चुकीचे आहे का? (विश्रामबाग, सांगली)

उत्तर : हा अल्बम इंग्लंडमध्ये १३ फेब्रुवारी १९७० रोजी, शुक्रवारी, प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकात लेस्टर बँग्ज यांनी त्याचे परीक्षण लिहिले. त्याआधी गाजून गेलेल्या 'क्रीम' या बँडची ही निकृष्ट नक्कल आहे, असा त्यांचा सूर होता. श्रोत्यांनी मात्र अल्बम विकत घेतला. ब्रिटनच्या विक्रीयादीत तो आठव्या क्रमांकापर्यंत आणि अमेरिकेच्या यादीत तेविसाव्या क्रमांकापर्यंत पोहोचला. पुढे दोनच वर्षांत याच बँग्ज यांनी दुसऱ्या एका नियतकालिकात या बँडची बाजू घेणारा सविस्तर लेख लिहिला. पहिले मत बदलण्याचा हा मोकळेपणा मला फार मोलाचा वाटतो.

तरीही समीक्षकांना ऐकू आले ते अगदीच खोटे नव्हते. अल्बममधील दोन गाणी दुसऱ्या बँडची आहेत, आणि दुसऱ्या बाजूवरचे 'वॉर्निंग' हे दीर्घ गाणे सरळसरळ ब्लूज या आफ्रिकन-अमेरिकन लोकसंगीताच्या परंपरेतले आहे. १६ ऑक्टोबर १९६९ रोजी लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत बँडमधील चौघांनी जवळपास सगळा अल्बम एका दिवसात ध्वनिमुद्रित केला. निर्माते रॉजर बेन यांनी त्यांना कार्यक्रमात वाजवतात तसेच वाजवू दिले. त्यामुळे आपण ऐकतो तो खरे तर एका होतकरू बँडचा रोजचा कार्यक्रम आहे. त्यात स्वतःचे काही सापडल्याचा आनंद आहे आणि उसने घेतलेलेही आहे. आपले मत चुकीचे नाही, पण 'साधारण' या शब्दापाशी ते थांबले आहे. आपले लक्ष नेमके कोठे उडाले? 'वॉर्निंग'मधील गिटारच्या लांबलेल्या एकल वादनात माझेही लक्ष उडते. परंतु 'द विझर्ड'मधील माउथ ऑर्गन आणि 'एन.आय.बी.'च्या आधी गीझर बटलर एकट्याने वाजवतात तो बेस गिटारचा तुकडा, हे दोन्ही आपण एकदा शांतपणे पुन्हा ऐकावेत. त्यानंतर मत तेच राहिले, तरी त्याला कारण मिळालेले असेल.

प्रश्न : मी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत वीस वर्षे पॉवर प्रेसवर काम करतो. सहा वर्षांपूर्वी उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके प्रेसमध्ये गेली. त्याआधी मी गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवत असे; ती सुटली. मुलाने हा अल्बम ऐकवला, तेव्हा मला त्यात प्रेसचा ठोका ऐकू आला. मुलगा म्हणतो, यांच्या गिटारवाल्याचीही बोटे तुटली होती. हे खरे आहे का? (कुपवाड)

उत्तर : आपले पत्र मी अनेकदा वाचले. आपल्या मुलाने सांगितले ते खरे आहे. टोनी आयोमी हे बर्मिंगहॅम शहरात पत्र्याच्या कारखान्यात कामाला होते. वय सतरा. नोकरीच्या अखेरच्या दिवशी यंत्रात सापडून त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे आणि अनामिकेचे टोक तुटले. ते डावखुरे असल्यामुळे गिटारच्या तारा दाबण्याचा त्यांचा हात उजवा होता, म्हणजे वादकाला ज्या बोटांवाचून चालत नाही तीच बोटे गेली. डॉक्टरांनी गिटार विसरायला सांगितले. त्या वेळी कारखान्यातील फोरमनने त्यांना जँगो राइनहार्ट या वादकाची तबकडी ऐकवली आणि ती ऐकून झाल्यावर सांगितले की, हा माणूस डाव्या हाताच्या दोनच बोटांनी सूर काढतो. राइनहार्ट यांची इतर दोन बोटे १९२८ मधील आगीत निकामी झाली होती.

आयोमी यांनी भांडी धुण्याच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे तयार केली आणि तार घसरू नये म्हणून त्यांवर चामडे चिकटवले. टोपणांखालची तार त्यांना जाणवत नसे, जाड तार दाबताना बोट दुखे, म्हणून त्यांनी बँजोच्या बारीक तारा गिटारला लावल्या. दोन-तीन सुरांचे साधे, ठसठशीत तुकडे आणि शाबूत बोटांनी सुराला दिलेले आंदोलन यांवर त्यांनी आपले वादन उभे केले. त्या वादनाचा जडपणा केवळ अपघातातून आला असे म्हणणे त्यांच्या मेहनतीवर अन्याय करणारे ठरेल. पण अपघातानंतर जे हाताला जमत होते त्यातूनच त्यांनी आपला आवाज शोधला, हे निश्चित.

आपल्याला ऐकू आलेल्या ठोक्याविषयी एवढेच सांगतो की, यंत्राची नक्कल म्हणून तो वाजवलेला नाही. मात्र हे चौघेही बर्मिंगहॅमच्या ॲस्टन या कामगारवस्तीच्या परिसरात, धातूच्या कारखान्यांच्या सान्निध्यात वाढले, आणि ऑस्बर्न यांनी काही काळ कत्तलखान्यातही काम केले होते. वीस वर्षे प्रेसवर उभे राहिलेल्या माणसाच्या कानाला त्या वाजवण्यात ओळखीचे काही सापडले, तर तो कान मी माझ्या कानापेक्षा अधिक जाणता मानतो. एक गोष्ट अधिकारवाणीने नव्हे, आपुलकीने विचारतो. पेटीची पट्टी दाबायला गिटारच्या तारेइतका जोर लागत नाही, आणि आपल्या उजव्या हाताची तीन बोटे शाबूत आहेत. भजनाच्या साथीला तेवढ्यावर पुन्हा बसून पाहाल का?

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. तो खोलीचे दार लावून ही गाणी ऐकतो. मुखपृष्ठावर काळ्या कपड्यांतील बाई आहे, गाण्यांत सैतानाचे नाव आहे. हे संगीत सैतानाची पूजा शिकवते असे आमच्या शेजाऱ्यांनी सांगितले. पालक म्हणून काळजी वाटते. (तासगाव)

उत्तर : आपली काळजी मी हलकी मानत नाही. मुखपृष्ठावरील छायाचित्र ऑक्सफर्डशायरमधील मेपलडरम येथील जुन्या पाणचक्कीसमोर काढलेले आहे. मूळ तबकडीच्या घडी असलेल्या वेष्टनाच्या आतील बाजूस उलटा क्रूस छापला होता, आणि तो तबकडी कंपनीने बँडला न विचारता छापला होता. बँडमधील मंडळींना ते आवडले नव्हते. शब्द बहुतांशी गीझर बटलर यांचे आहेत, आणि ते कॅथलिक घरात वाढलेले गृहस्थ आहेत. पहिल्या गाण्यात काळी आकृती समोर दिसल्यावर गाणारा माणूस घाबरून देवाचा धावा करतो. 'एन.आय.बी.'मध्ये सैतान प्रेमात पडतो आणि त्यामुळे बदलतो. या नावाचाही भलताच अर्थ लावला जातो. वस्तुतः ड्रमवादक बिल वॉर्ड यांची दाढी पेनाच्या निबासारखी दिसे, त्यावरून ते आले आहे. 'द विझर्ड' हे गाणे तर लोकांचे भले करणाऱ्या जादूगाराचे आहे.

भीतीचे चित्रण करणे आणि वाईटाची पूजा करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दशावतारी खेळात संकासुर हा राक्षस रंगभूमीवर येतो म्हणून त्याची भक्ती होत नाही. आपण मुलाला दार उघडायला लावण्याऐवजी एका संध्याकाळी स्वतः आत जाऊन बसावे आणि पहिले गाणे त्याच्याबरोबर ऐकावे. आपल्याला ते आवडणार नाही, असे मी गृहीत धरतो. नावडल्याचे आपण त्याला कारणासह सांगितलेत, तर तोही आपल्या आवडीचे कारण सांगेल. मूल अबोल झाले असेल, झोपत किंवा जेवत नसेल, तर त्याची चौकशी जरूर करावी. पण ती संगीताची चौकशी म्हणून करू नये.

प्रश्न : मी निवृत्त संगीत शिक्षिका आहे. आयुष्य ख्यालगायकीत गेले. पहिल्या गाण्यातील मुख्य तुकडा मला षड्ज, तार षड्ज आणि तीव्र मध्यम असा ऐकू आला. नातू म्हणतो की, या सुराला पाश्चात्त्यांनी सैतानाचा सूर म्हणून बंदी घातली होती. यमन रोज गाणाऱ्या मला हे पटत नाही. (मिरज)

उत्तर : आपण अचूक ऐकलेत. गिटारच्या 'जी' या सुराला षड्ज मानले, तर पुढे त्याचाच तार षड्ज आणि मग 'सी शार्प', म्हणजे तीव्र मध्यम लागतो. सप्तकाच्या बारा अंतरांच्या बरोबर मध्यावर, दोन्ही षड्जांपासून सहा-सहा अंतरांवर हा सूर उभा असतो. बंदीची कथा मात्र ऐकीव आहे. चर्चने अशी सरसकट बंदी घातल्याचा पुरावा नाही. या अंतराला सैतानाचे नाव जोडलेले दिसते ते अठराव्या शतकाच्या सुमाराच्या शास्त्रग्रंथांत. जुने रचनाकार ते अंतर टाळत, कारण समूहगायनात ते अस्थिर वाटे आणि गायला अवघड जाई.

या तुकड्याचा उगमही आपल्याला रुचेल. बटलर यांना गुस्ताव होल्स्ट यांच्या ग्रहांवरील वाद्यवृंदरचनेतील 'मंगळ' हा भाग अतिशय आवडे आणि ते तो बेस गिटारवर वाजवत. त्या भागाची सुरुवात षड्ज, पंचम आणि मग तीव्र मध्यम अशी होते. आयोमी यांनी पंचमाच्या जागी तार षड्ज ठेवला. हा बदल वरवर लहान दिसतो, परंतु आपल्या कानाने पाहिले तर फार मोठा आहे, कारण तीव्र मध्यमाला जिथे विसावायचे असते ते घरच त्यांनी काढून घेतले. यमनात आपण तीव्र मध्यमावर क्षणभर थांबून पंचमावर येतो तेव्हा ऐकणाऱ्याचा श्वास मोकळा होतो. या गाण्यात तीव्र मध्यम कंप पावत राहतो आणि पंचमाकडे न जाता पुन्हा खालच्या षड्जावर कोसळतो; पुन्हा तेच, पुन्हा तेच, तेही अतिविलंबित लयीत. सूर तोच असून तो भयाण का वाटतो, याचे उत्तर सुरात नसून त्याच्या चलनात आहे. आपण यमनाचा उल्लेख केलात. मला ऐकताना मारवा आठवला, कारण तेथेही पंचम वर्ज्य आहे आणि सूर्यास्ताच्या वेळची ती हुरहुर मिटत नाही. ही तुलना मी येथेच थांबवतो. रागाला विस्तार असतो. या गाण्यात एका तुकड्याचा आघात आहे, आणि शेवटी लय एकाएकी द्रुत होते तेव्हाच काय ती सुटका मिळते. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मिरजेत एकेका सुराच्या लगावाकडे लक्ष देण्याची जी शिकवण रुजली, तिच्या आधारे आपण हा अल्बम ऐकलात, आणि आलेल्या सर्व पत्रांत मला आपले पत्र सर्वांत जवळचे वाटले.

प्रश्न : आमचा तंतुवाद्ये बनवण्याचा पिढीजात व्यवसाय आहे. गिटारचा आवाज एवढा भरदार आहे, तो तारा उतरवून लावल्यामुळे का? (मिरज)

उत्तर : अनेकांचा असा समज आहे, परंतु तारा उतरवून लावण्याची पद्धत या बँडने १९७१ च्या तिसऱ्या अल्बमपासून घेतली. या अल्बममध्ये गिटार नेहमीच्याच सुरांत लावलेली आहे. भरदारपणा येतो तो ॲम्प्लिफायरला त्याच्या मर्यादेपलीकडे रेटल्यामुळे. त्याने मूळ आवाज फाटतो आणि त्यात नव्या स्वरांशांची, म्हणजे मूळ सुराबरोबर उमटणाऱ्या उपसुरांची, भर पडते. आपण घोडीवर दोरा सरकवून जवारी खोलता तेव्हा एकाच तारेतून अनेक स्वरांश झळाळून निघतात. कृती वेगळी असली, तरी कानाला मिळणारी श्रीमंती त्याच जातीची आहे. शिवाय हे वादक बहुतेकदा षड्ज आणि पंचम एवढेच एकत्र छेडतात. फाटलेल्या आवाजात या दोन सुरांच्या मिश्रणातून खाली आणखी एक खर्ज षड्ज ऐकू येतो, जो कोणत्याही तारेवर वाजवलेला नसतो. तंबोरा जुळल्यावर न छेडता आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार ऐकणाऱ्या कारागिराला यात नवल वाटू नये.

प्रश्न : माझ्या मोबाइलवरील यादीत 'ईव्हिल वुमन' हे गाणे नाही, मैत्रिणीच्या यादीत आहे. कोणाचा अल्बम खरा? (इस्लामपूर)

उत्तर : दोन्ही खरे आहेत. 'ईव्हिल वुमन' हे मूळचे 'क्रो' या अमेरिकन बँडचे गाणे ब्रिटिश आवृत्तीत होते. अमेरिकन आवृत्तीत त्याच्या जागी 'विकेड वर्ल्ड' हे बँडचे स्वतःचे गाणे घेतले गेले. आपल्याकडे बहुधा दुसरी आवृत्ती आहे. दोघींनी एकमेकींची यादी ऐकावी, आणि माझे विचाराल तर 'विकेड वर्ल्ड' आधी ऐकावे, कारण त्यात बिल वॉर्ड यांच्या हातातला जॅझचा ठेका स्पष्ट कळतो.