कारण त्याच्या तोंडून येऊ दे

प्रिय पोरी,

तुझं पत्र वाचलं. तंबाखू-सुपारीचा मावा खाणाऱ्या त्या मुलाला तासभर समजावलंस, कॅन्सरचे फोटो दाखवलेस, तो ‘हो ताई, हो ताई’ म्हणाला आणि मधल्या सुट्टीत पुन्हा टपरीवर. आता आणखी काय दाखवू, असं विचारतेस. काहीही दाखवू नकोस.

हडपसरच्या त्या नववीतल्या मुलाला मावा वाईट असतो हे ठाऊक आहे. तंबाखूच्या पुडीवरचं चित्र तो रोज बघतो. त्याला सोडावंसं वाटतं आणि खावासाही वाटतो, दोन्ही एकाच वेळी. तू सोडण्याची बाजू घेतलीस की त्याच्या वाट्याला खाण्याचीच बाजू उरते. मग तो तीच मांडतो, आणि जितकी मांडतो तितकी ती त्यालाच पटत जाते. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग, म्हणजे बदलायची कारणं माणसाच्या स्वतःच्याच तोंडून येतील असं बोलायची पद्धत, मांडलं ते दारूत अडकलेल्या माणसांसाठी. पण आपलं कोणी ऐकत नाही असं वाटणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला ते आणखी लागू पडतं. कारण त्याच्या तोंडून यायला हवं. तुझ्या नाही.

त्याला विचार, ‘मावा सोडणं तुला किती महत्त्वाचं वाटतं? शून्य ते दहात सांग.’ तो म्हणेल, तीन. इथे सगळे घसरतात आणि विचारतात, ‘तीनच का?’ झालं, तो पुन्हा माव्याची वकिली सुरू करणार. तू विचार, ‘एक का नाही?’ आणि गप्प बस. खरंच गप्प. सिंहगड रोडच्या एका मुलाने मला बऱ्याच वेळाने सांगितलं होतं, ‘मिसळ झोंबते. पोरं तर्री मागून घेतात, मी नुसता पाव खातो.’ कॅन्सर नाही, आईचे अश्रू नाहीत, मिसळ. मी तेच त्याला परत म्हटलं, ‘मित्रांबरोबर बसून खाता येत नाही, हे लागतंय तुला.’ पुढचं तोच बोलत गेला.

झोंबणं हे लक्षण आहे, ते सोडून द्यायचं नाही. पण तिथेही आधी विचारायचं: ‘याबद्दल मला थोडं माहीत आहे, सांगू का?’ हो म्हणाला तर दोन वाक्यांत सांगायचं, की सुपारीने गालाची आतली कातडी कडक होत जाते, तोंड उघडेनासं होतं. त्याची स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जातात का, त्यालाच बघू दे. मग पुन्हा विचार, ‘काय वाटतं तुला?’

वेळ मिळत नाही, असं लिहिलंयस. हे मला सांगू नकोस. भाषणाला तासभर होता.

मला लोकांनी मवाळ म्हटलं. एका शाळेत तर ‘बाई नुसत्या गप्पा मारतात’ म्हणून माझा तास काढून घेतला, आणि महिनाअखेरीच्या तक्त्यात ‘किती मुलांनी सोडलं’ एवढा एकच रकाना उरला. तिथे आणखी भांडले नाही, ही रुखरुख आहे. पद्धतीबद्दल मात्र तसूभरही नाही. दम देऊन सोडवलेला मावा दम देणारा पाठमोरा होईपर्यंतच सुटतो. मी हे हट्टाने म्हणते आणि म्हणत राहीन: कारण त्याच्या तोंडून यायला हवं.

आणि तुझं काळीज तुटतंय म्हणून तर तू फोटो दाखवलेस, हे मला कळतं गं. ती तळमळ ऐकण्यात घाल.

शुक्रवारी तो येईल तेव्हा फोटोंची फाईल टेबलावर ठेवू नकोस. तोंड कमी उघडत असेल किंवा झोंबत असेल, तर त्याने मावा सोडायचं ठरवो न ठरवो, दातांच्या डॉक्टरांना दाखवायचंच. त्याला विश्वासात घेऊन, पण त्याच आठवड्यात. तो आकडा किती सांगतो ते मला कळव.

तुझी,
ताई