स्क्रीनसेव्हर चालू, तरी बाण दिसतोच

प्रश्न : सीताबर्डीत आमचं साड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसताना काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर साड्यांचे फोटो फिरत असतात, पण माउसचा बाण मधोमध तसाच दिसतो. तो घालवायचा कसा?
— एक दुकानदार, नागपूर

उत्तर : विंडोजचा स्क्रीनसेव्हर सुरू झाला की बाण आपोआप नाहीसा होतो. तुमचा दिसतोय, म्हणजे फोटो दुसराच एखादा प्रोग्रॅम फिरवतोय. पॉवरपॉइंटचा स्लाइड शो असेल तर तो चालू असताना कंट्रोल आणि एच एकत्र दाबा, बाण लगेच जाईल. ब्राउझरचं पान असेल तर ते बनवणाऱ्यालाच बाण लपवण्याची सोय त्यात करावी लागेल. तोवर बाण उजव्या खालच्या कोपऱ्यात पार टोकाला सरकवून ठेवा. टोकाचा ठिपका तेवढा उरतो.

त्यापेक्षा विंडोजचाच स्क्रीनसेव्हर लावणं चांगलं. सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, लॉक स्क्रीन आणि मग स्क्रीन सेव्हर असं जा. यादीतून ‘फोटोज’ निवडा, शेजारच्या सेटिंग्जमध्ये साड्यांच्या फोटोंचं फोल्डर द्या आणि ‘वेट’समोर ५ मिनिटं टाका.

तरीही तो सुरू होत नसेल किंवा मध्येच बंद पडून बाण परत येत असेल, तर माउसखालची जागा बघा. उन्हाळ्यात कूलर काउंटरला टेकून असला की त्याची थरथर माउसपर्यंत पोचते आणि कोणी हात न लावता बाण हलतो. काचेच्या काउंटरवरही असंच होतं, कारण माउसच्या प्रकाशाला काचेवर नीट पकड मिळत नाही. कूलर चार बोटं दूर सरकवा, माउसखाली कापडी पॅड ठेवा. वायरलेस माउस असेल तर त्याच्या पोटाखालचं बटण सरळ बंद करा. डिव्हाइस मॅनेजरमधली ‘वेक’ची, म्हणजे माउसने कॉम्प्युटर जागा करण्याची, खूण काढून इथे उपयोग नाही, ती झोपलेल्या कॉम्प्युटरसाठी असते, स्क्रीनसेव्हरसाठी नाही.

प्रश्न : सी शार्प या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत स्वतः स्क्रीनसेव्हर लिहिलाय. तो उघडताक्षणी बंद होतो. शिवाय त्यातली पासवर्डची खिडकी आली की बाण परत दिसत नाही.
— एक विद्यार्थी, धरमपेठ

उत्तर : स्क्रीनसेव्हरची खिडकी उघडताच, माउस न हलताही, माउसमूव्हचा (माउस हलल्याचा) इशारा प्रोग्रॅमला येतो. त्यावर लगेच बाहेर पडू नका. पहिली जागा नोंदवून ठेवा आणि बाण तिथून ५-१० पिक्सेल सरकला तरच बंद करा.

बाण न परतण्याचं कारण मोजणीत आहे. बाण लपवणाऱ्या प्रत्येक ‘हाइड’ला विंडोज एक आकडा एकने कमी करतं, बाण दाखवणाऱ्या प्रत्येक ‘शो’ला एकने वाढवतं, तो शून्य किंवा अधिक असेल तेव्हाच बाण दिसतो. ‘हाइड’ पुन्हा पुन्हा चालणाऱ्या टायमरमध्ये लिहिलं असेल तर आकडा फार खाली जातो आणि एका ‘शो’ने वर येत नाही. ते फॉर्म (स्क्रीनसेव्हरची खिडकी) लोड होताना एकदाच लिहा, आणि पासवर्डची खिडकी उघडण्याआधी एकदा ‘शो’. सेटिंग्जमधल्या छोट्या प्रिव्ह्यूसाठी प्रोग्रॅम चालतो तेव्हा मात्र ‘हाइड’ अजिबात नको.